मुलीच्या संसारावर छाप कशाची: बापाच्या वळणाची की बापाच्या सातबाऱ्याची?

मूळ धागा : कोयनाकाठ

मुलगी पुढे कोणाशी संसार मांडते आणि त्या संसारात किती ताठ मानेने राहते, हे आईपेक्षा वडिलांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. पंडिता रमाबाईंचेच पाहा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, त्याबद्दल पंडितांना जाब दिला आणि रमाबाईंचे लग्न बालपणी उरकून टाकले नाही. १८७४ मध्ये ते वारले. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीच्या बंगाली वकिलाशी, स्वतःच्या पसंतीने, नोंदणी पद्धतीने विवाह केला. ज्या घरात बाप बायकोला शिकवण्याजोगी मानतो, त्या घरातली लेक नवऱ्यात धनी शोधत नाही.

प्रतिसाद : सायंतारा

उदाहरण सोयीपुरते कापून घेतले आहे. रमाबाईंना संस्कृत प्रत्यक्ष शिकवले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. आणि ही लक्ष्मीबाई नऊ वर्षांची असताना चाळिशी ओलांडलेल्या शास्त्रीबुवांना दिली गेली होती, हेही सांगायला हवे. दुसरे असे की, रमाबाईंची थोरली बहीण कृष्णाबाई याच बापाची मुलगी. तिचे लग्न मात्र बालपणीच लावले आणि जावयाला घरी ठेवून शिकवण्याचा बेत पार फसला. म्हणजे धाकटीला जी मोकळीक मिळाली, तिची किंमत थोरलीने मोजली होती. बापाची छाप असते, परंतु दोन बहिणींवर ती एकसारखी उमटत नाही, आणि आईला त्यातून वगळले तर चित्र खोटेच होते.

प्रतिसाद : बांधावरचा

वळण, संस्कार हे सगळे राहू द्या. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एकदा तासभर बसून पाहा. वडिलांचे वर्षश्राद्ध होते न होते तोच बहिणीला गाडीत घालून आणलेले असते. ‘राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना’ असे छापलेले हक्कसोडपत्र पुढे सरकते, ती भावाकडे बघत सही करते आणि बदल्यात साडीचोळी घेऊन सासरी परतते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही ही सही होतेच, कारण ‘लेकीचा वाटा तिला द्यायचा’ असे बापाने हयातीत भाऊबंदांसमोर कधी म्हटलेले नसते. माहेरी हक्काची खोली नसलेली बाई सासरचा जाच सोसते, ती नवऱ्यात वडिलांची सावली शोधते म्हणून नव्हे. तिला जायला जागा नसते म्हणून.

प्रतिसाद : सायंतारा

मग पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे काय? जन्मदाते वडील लहानपणीच गेले, त्यांची मिळकत आईने पुनर्विवाहापूर्वी मुलीच्या नावे केली. तुमच्या हिशेबाने ती निर्धास्त असायला हवी होती. प्रत्यक्षात १८८४ मध्ये तिचा नवरा दादाजी भिकाजी, तिने नांदायला यावे म्हणून कोर्टात गेला, आणि त्यामागे मिळकतीचा मोह आहे, असा आरोप तेव्हाच झाला. तिला बळ मिळाले ते सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या पाठिंब्याचे. तेही १८८५ मध्ये वारले. पुढे १८८७ मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असा निकाल आला, तेव्हा तुरुंग पत्करण्याची तयारी तिने स्वतः दाखवली.

प्रतिसाद : बांधावरचा

मिळकत नसती, तर वकील कोठून दिले असते?

प्रतिसाद : कोयनाकाठ

पैसा लागला, हे मान्य. पण अकराव्या वर्षी लावलेले लग्न नाकारता येते, ही कल्पना पैशातून येत नाही. ज्या माणसाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते, त्याने तिला सासरी ढकलले नाही, घरात ठेवून शिकू दिले; माझ्या मते बापाची छाप म्हणतात ती हीच. उलट मृत्युपत्रात लेकीचा वाटा चोख लिहून ठेवणारा आणि ती भांडून माहेरी आली की ‘बाईच्या जातीने थोडे पडते घ्यावे’ म्हणत तिला संध्याकाळच्या गाडीत बसवून देणारा बाप मी आमच्याच गावात पाहिला आहे. तो वाटा तिच्या हाती येईपर्यंत तिची पन्नाशी उलटली होती.