'फॉरेन की'ला काय म्हणावं?

गावच्या वाचनालयासाठी जँगोमध्ये (पायथन भाषेतली वेब-प्रणाली बांधायची चौकट) देवघेवीची छोटी प्रणाली करतोय. ग्रंथपाल बाईंसाठी मराठीत टिपणं लिहायला बसलो आणि 'फॉरेन की'पाशी, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलातली नोंद दाखवणाऱ्या फील्डपाशी, अडलो. 'परकी किल्ली' लिहिलं, तर बाईंनी विचारलं, "कुठल्या कपाटाची?" 'कळ' लिहावं तर ती पोटात येते. टेबल, फील्ड, फॉर्म यांनाही काही सुचवा.

— टेबलला तक्ता, कोष्टक काही नको. वाचनालयात शब्द आहेच : नोंदवही. फील्ड म्हणजे रकाना. 'क्षेत्र' म्हटलं की हेक्टर-आर आठवतं. फॉर्मला 'अर्ज' मात्र नका म्हणू. अर्जात विनंती असते. पुस्तक परत घेताना कोण कोणाला विनवतंय? 'नमुना' बरोबर आहे, पण तो हल्ली माणसांना जास्त लागतो. फॉर्मच राहू द्या, आजीसुद्धा फॉर्मच भरते.

— फॉरेन कीसाठी सातबारा काढून बघा. गाव नमुना 7 वर खातेदाराच्या नावापाशी फेरफार क्रमांक असतो. फेरफाराची हकीकत तिथे नसते, ती गाव नमुना 6 मध्ये. क्रमांक धरून तिकडे जायचं. त्या आकड्याला तलाठ्याने कधी परकं म्हटलेलं नाही! तुमच्याकडेही तेच. देवघेवीच्या वहीत पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहितात, लेखक-किंमत पाहायला दाखल नोंदवही उघडतात. तोच आकडा आपल्या घरी ओळख, दुसऱ्याच्या वहीत संदर्भ. म्हणून 'संदर्भ क्रमांक'. 'हवाला' जास्त नेमका होता, पण आता तो ऐकला की पोलीस दिसतात.

संदर्भ क्रमांक पटला. मग 'रिलेशनल डेटाबेस'मधल्या 'रिलेशनल'ला 'नात्यांचा' चालेल?

— नाही. ही कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडच्या 1970 च्या लेखात 'रिलेशन' म्हणजे गणितातला संबंध, म्हणजे अख्खी नोंदवहीच. दोन वह्यांमधला दुवा नव्हे. हा घोळ इंग्रजीतही आहे, आपण कशाला आयात करायचा? दुव्याला दुवा म्हणा.

— खरं जपायचं ते 'कॅस्केड'ला, म्हणजे एक नोंद पुसली की तिला जोडलेल्याही पुसण्याला. मी एकदा 'धबधबा' लिहून मोकळा झालो होतो, कोणाला काही कळलं नाही. एक सभासद पुसला आणि त्याच्या देवघेवीच्या सगळ्या नोंदी गेल्या, न परतलेल्या पुस्तकांसकट. त्या काळी जँगो न सांगताच कॅस्केड धरायचा. डिसेंबर 2017 च्या 2.0 आवृत्तीपासून 'ऑन डिलीट', म्हणजे पुसल्यावर जोडलेल्या नोंदींचं काय करायचं, ते आपल्यालाच लिहावं लागतं. टिपणात कॅस्केडला 'मागोमाग पुसा' आणि प्रोटेक्टला 'अडवा' लिहा. वाचनालयाला 'अडवा'च हवं : नावावर एक जरी नोंद असली तरी सभासद पुसता येणार नाही.

लिहिलं, आणि कोडमध्येही बदललं. बाईंना फॉर्मही दाखवला : वर सभासद, खाली त्याच पानावर पुस्तकांच्या ओळी, म्हणजे जँगोचं 'इनलाइन'. ते आपणहून तीन रिकाम्या ओळी देतं. बाई म्हणाल्या, "आपण दोनच देतो. तिसरं कधीपासून द्यायला लागलो?" या ओळींचा आकडा ठरवणारं 'एक्स्ट्रा' दोनवर आणलं. टिपणात त्याला 'जादा' लिहिलं होतं, ते खोडून 'कोऱ्या ओळी' केलं.