आजोबांचं .32 रिव्हॉल्वर आज भरवशाचं आहे का? सल्ला हवा

मळेकरी_निफाड

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात मळ्यात राहतो, वस्ती गावापासून लांब आहे. वडिलांच्या परवान्यावर वेब्ली कंपनीचं .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप, इथे इंचात) रिव्हॉल्वर आहे, मूळचं आजोबांचं. वडील सत्तरीच्या पुढे गेले, म्हणून ते माझ्या नावावर करून घ्यायचं घाटतंय. मेव्हणे म्हणतात, ".32 म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा बोअर. थंडीत जाड स्वेटर असला तरी गोळी अडकेल. विकून टाका आणि 9 मिमीचं पिस्तूल बघा." ठेवावं की विकावं? शिवाय उसात बिबट्याचा वावर आहे, त्याच्यासाठी हे चालेल का?

जुना_नेमबाज

दादा, आधी 9 मिमीचा विषय मिटवू. तो निषिद्ध बोअर आहे. 9 मिमी, .380, .455, .45 ही फौजेची आणि पोलिसांची काडतुसं, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. आपल्याकडे जिथेतिथे .32 दिसतं ते त्यामुळेच.

आता वयाचं. रिव्हॉल्वरचं .32 लाँग काडतूस 1896 चं. मेव्हण्यांचं 9 मिमी 1902 चं. सहा वर्षांचं अंतर! काडतूस जुनं आहे म्हणून ते निकामी ठरत नाही. ताकदीत मात्र फरक आहे आणि तो मोठा आहे. .32 लाँगची गोळी साधारण 6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 210-220 मीटर, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. .38 स्पेशलच्या साध्या गोळीत ती 270 च्या घरात जाते, 9 मिमीत 450 ते 500. म्हणजे तिपटीचं अंतर.

स्वेटरची गोष्ट खोटी आहे. 1986 मध्ये मायामीत झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळी किती खोल जायला हवी याचा निकष ठरवला: मांसाच्या जागी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान 12 इंच. गोल टोकाची भरीव .32 गोळी एवढी खोल सहसा जाते. ती कमी पडते जखमेच्या रुंदीत. आणि हातातल्या कुठल्याही हत्याराची गोळी माणसाला मागे फेकत नाही. मेंदूला किंवा मणक्याला लागली तरच तो जागेवर थांबतो. नाहीतर रक्त जाऊन अंगातलं बळ सरेपर्यंत वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात तो अंगावर येऊ शकतो. 9 मिमीलाही हे चुकलेलं नाही, .32 ला तर नाहीच. म्हणून .32 वाल्याने एका गोळीवर भिस्त ठेवू नये.

हा वाद जुनाच आहे. फिलिपिन्समध्ये .38 लाँग कोल्ट कमी पडतं अशा तक्रारी आल्यावर अमेरिकी सैन्याने 1904 मध्ये चाचण्या घेतल्या आणि ते .45 कडे वळले. त्याच्या काही वर्षं आधी, 1896 मध्ये, थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कचे पोलीस कमिशनर असताना तिथल्या पोलिसांना .32 दिलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. हत्यार ठणठणीत असेल तर ठेवा. मळ्यातल्या घरासाठी म्हणून नवीन काही घ्यायचंच असेल तर 12 बोअरची दुनळी घ्या. ताकदीत .32 तिच्या जवळपासही येत नाही आणि अंधारात, घाबरलेल्या हाताने रिव्हॉल्वरपेक्षा खांद्याला टेकवलेली बंदूक नीट धरली जाते.

तारा_के

.32 लाँगला टाकाऊ म्हणणाऱ्यांनी स्पर्धेच्या रेंजवर यावं. 25 मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धाप्रकारात आजही जगभर हेच काडतूस चालतं, फक्त गोळी सपाट तोंडाची असते. झटका इतका कमी की दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी बसते. घरातल्या बाईमाणसाला किंवा वयस्कर माणसाला हाच झटका सोसतो. 9 मिमीच्या हलक्या पिस्तुलाने नवशिके डोळे मिटून चाप ओढताना मी खूप पाहिलेत.

पण दादा, खरा प्रश्न तुमच्या रिव्हॉल्वरच्या प्रकृतीचा आहे. परवाना अजून वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांना सोबत घेऊन परवानाधारक कारागिराकडे जा आणि तीन गोष्टी बघायला सांगा. घोडा पूर्ण ओढल्यावर चक्रीचं प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबतं का? वेब्ली मधून मोडून उघडतं, तेव्हा वरची कडी बंद केल्यावर नळी हलते का? नळीत गंजाचे खड्डे आहेत का? चक्री सैल असेल तर गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं बाजूला उडतं, चालवणाऱ्याच्याच हाताला लागतं.

आणि एक. चक्रीत लाँग काडतूस बसतं ना, हे बघून घ्या. 1878 चं .32 चं आखूड काडतूस वेगळं आहे. फार जुनी खिशातली रिव्हॉल्वर त्याची असतात, त्यांत लाँग बसतच नाही.

ॲड_नगर

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम 2016 चा नियम 25 तुमच्यासाठीच आहे. परवानाधारकाला 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते हयातीतच कायदेशीर वारसाला देता येतं. बाकीच्या वारसांचं ना-हरकत आत्ताच घेऊन ठेवा, भावाभावांत पुढे कटकट नको. दुनळी घेताना लक्षात ठेवा, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

बोअरपेक्षा जास्त विचार याचा करा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. कलम 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. कलम 41 मध्ये रात्रीच्या घरफोडीचा आणि जबरी चोरीचा उल्लेख आहे खरा, पण कांदे चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर तुम्हीच आरोपी. अशा आरोपीला वाचवताना कोर्टात फार जड जातं.

जुना_नेमबाज

बिबट्याचं राहिलं. .32 ने बिबट्या थांबायचा नाही, जखमी होईल आणि मग उसात शिरणाऱ्या प्रत्येक मजुराचा जीव धोक्यात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 चा, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. वन विभागाचा 1926 नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या, गोठ्याला चहूबाजूंनी आणि वरून जाळी मारा.

मळेकरी_निफाड

सगळ्यांचे मनापासून आभार. विकायचा विचार सोडला. आज वडिलांनी कपाट उघडलं तेव्हा काडतुसांचा एक जुना पुठ्ठ्याचा डबा निघाला. पितळेवर हिरवट कळक चढलीय, बुडावर 'केएफ 7.65' असं कोरलंय. घासून वापरता येतील का?

तारा_के

घासू नका आणि चालवू तर मुळीच नका. केएफ म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का, माल चांगलाच असतो, पण कळक धरलेल्या काडतुसाचा भरवसा नाही. ते फुसकं निघालं आणि गोळी नळीतच अडकली, तर पुढच्या बाराला नळी फुगते किंवा फाटते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबायचं, नळी रिकामी आहे हे बघितल्याशिवाय पुन्हा चाप ओढायचा नाही. डबा वडिलांच्या हाताने परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि परवान्यावर नोंद करून ताजी काडतुसं घ्या.

दुकानात नुसतं ".32 द्या" म्हणू नका, "रिव्हॉल्वरची" असं स्पष्ट सांगा. डब्यावरचं 7.65 म्हणजे .32 चंच मिलिमीटरमधलं नाव, आणि हा आकडा पिस्तुलाच्या काडतुसालाही लावतात. पिस्तुलाच्या काडतुसाचं पितळी नळकांडं 17 मिमी लांब असतं, तुमच्याचं 23. ते आखूड काडतूस तुमच्या चक्रीत कदाचित बसेलही, पण ते त्या हत्याराचं नाही.

मळेकरी_निफाड

समजलं ताई. सोमवारी वडिलांना घेऊन नाशिकला जातो, डबाही सोबत नेतो. कारागीर चक्रीबद्दल काय म्हणतो ते इथे लिहीन.