अनुभव धागा: तो फसवणुकीचा फोन तुमच्या घरी आला होता का?

मागावरची_लेक

काल सोलापुरात चार पुतळ्यापासून रिक्षा केली. सात रस्त्याच्या अलीकडे रिक्षावाल्या काकांना फोन आला, स्पीकरवर. "आपके नाम का पार्सल पकडा गया है." माझे हातपाय गार पडले. काकांना म्हटलं, आधी फोन कट करा. त्यांनी केला, पण मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते.

दोन वर्षांपूर्वी हाच फोन माझ्या बाबांना आला होता. ३१ वर्षं चादरीच्या मागावर काढलेला माणूस, पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलेला नाही. पार्सलमध्ये अमली पदार्थ, तुमचं आधार, तुम्ही आता 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे म्हणे फोनवरच अटकेत. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागे अशोकस्तंभ. दोन दिवस बाबा मागच्या खोलीत दार लावून बसले. आईला सांगितलं, बँकेचं काम चालू आहे. दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन एफडी मोडली आणि २ लाख ८० हजार आरटीजीएस केले. फोन खिशात चालूच. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "कशासाठी काका?" त्यांनी शिकवलेलं उत्तर दिलं, "पोरीच्या घरासाठी."

त्या रात्री ताटातली भाकरी तशीच राहिली, तेव्हा आईने मला फोन केला. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कॉल लागेपर्यंत १९ तास उलटले होते. एका खात्यात ६४ हजार अडकले, तेवढे कोर्टाच्या आदेशाने सात महिन्यांनी मिळाले. बाकीचे गेले. बाबा अजून त्या बँकेच्या गल्लीतून जात नाहीत. त्या मुलीशी खोटं बोललो, हे त्यांच्या मनातून जात नाही.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. आमच्याकडे लाजेपायी दोन दिवस कुणाला कळलं नाही, म्हणून विचारतेय.

बोरामणी_माळ

पोटात कालवलं वाचून. काका जेवतात ना नीट आता?

नवीपेठ_शिलाई

माझं उलटं झालं. मला कुणी फसवलं नाही, पण खातं बंद. एका गिऱ्हाइकाने ब्लाउजचे १२०० क्यूआरवर टाकले. ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून फिरत आले होते म्हणे. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेने सगळं खातंच गोठवलं. दिवाळी तोंडावर, कारागिरांचा पगार त्यातच. चार महिने झाले. बँक म्हणते पोलिसांना विचारा, पोलीस फोन उचलत नाहीत. शेवटी मेहुण्याच्या खात्यावर धंदा केला. बायकोने पाटल्या ठेवल्या त्या अजून सोडवायच्यात.

कोर्टाच्या_आवारातून

शिलाईदादा, बँक आणि तपास अधिकारी दोघांनाही लेखी अर्ज द्या. वादातले १२०० तेवढे अडवा, बाकी खातं मोकळं करा, एवढंच मागा. सोबत शिलाईची पावती जोडा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात बँकांना वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवायला सांगितलं होतं. पोलिसांनी जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०६). ते कळवलं का, हेही विचारा.

ताई, तुमच्या बाबांना एवढं नक्की सांगा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात कुठेच नाही. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यातही नाही आणि जुन्यातही नव्हती. अटक करायची तर माणूस समोर यावा लागतो, कारण सांगावं लागतं, २४ तासांत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही. आणि त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ बघा. साक्षीसाठी बोलवायचं असेल तरी ६० वर्षांवरच्या माणसाला किंवा कुठल्याही बाईला घराबाहेर येण्याची सक्ती नाही, विचारायला पोलिसांनीच घरी यायचं.

जुळे_सोलापूरची_आई

आमच्याकडे लग्नपत्रिका आली होती व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. सून दाबणार एवढ्यात नातू ओरडला. खऱ्या पत्रिकेच्या शेवटी एपीके नसतं म्हणे. कुकर लावलाय नंतर लिहिते

शेंगाचटणी

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर माझा मोबाईल गेला होता, पाळण्याजवळ. हा विषय वेगळा आहे पण सांगतो. तक्रार दिली, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे मोबाईलचा ओळख क्रमांक, टाकून ब्लॉक केला. आठ महिन्यांनी पोलिसांचा फोन, सापडला म्हणून! खोक्यावरचा नंबर जपून ठेवा, नाहीतर आत्ताच *#०६# दाबून लिहून घ्या.

बोरामणी_माळ

@शेंगाचटणी तुमच्याकडे पाठवायची सोय आहे का? चटणीची. पुण्याला भाऊ आहे, तिथली त्याला चालत नाही

शेंगाचटणी

उखळात कांडलेली पाहिजे असेल तर रविवारी सांगा 🙏

पूर्वभाग_अव्वाची_नात

आमच्या अव्वाचं ऐका. ७८ वय, सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. तिला फक्त तेलुगू येतं, मराठी बाजारापुरतं. तिलाही तसलाच फोन, हा म्हणे सीबीआयवाला. तो हिंदीत धमक्या देतोय आणि अव्वा तेलुगूत विचारतेय, जेवलास का रे, कुणाचा तू, आवाज का बसलाय. वीस मिनिटं! शेवटी त्यानेच ठेवला. संध्याकाळी म्हणते कशी, कुणाचंतरी पोरगं होतं, फार त्रासात वाटलं. आम्ही हसलो. पण रात्री मला झोप आली नाही, तिच्या पासबुकात विडीच्या फंडाचे पैसे आहेत.

निवृत्त_गुरुजी

१९३० हा क्रमांक सोलापूरकराने विसरायचं कारणच नाही. तेच मार्शल लॉचं साल! १९३० च्या मे महिन्यात आपल्या गावाने इंग्रजांचा अंमल झुगारला, मग मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. तुम्ही रिक्षा धरलीत ते चार पुतळे त्यांचेच. मी पोरांना असंच सांगतो, पुतळे आठवा, साल आठवा, नंबर लावा. पोरं घरी आजीआजोबांना पाठ करून घेतात.

जुळे_सोलापूरची_आई

गुरुजी हे फार छान. फ्रिजवर लिहून लावलं आत्ताच. डाळ शिजली एकदाची

नवीपेठ_शिलाई

वकीलसाहेब, अर्ज मराठीत दिला तर चालतो का? ते ठाणं लांबच्या राज्यात आहे.

कोर्टाच्या_आवारातून

मराठी आणि इंग्रजी दोन्ही जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती सांभाळा. इंग्रजी मी करून देतो. पैसे नकोत, एक शर्ट आल्टर करायचा आहे.

मागावरची_लेक

@बोरामणी_माळ जेवतात. आज दीड भाकरी खाल्ली.

बाबा शेजारीच बसलेत, सगळं वाचून दाखवलं. १७९ कलम दोनदा वाचायला लावलं. अव्वाचं ऐकून हसले, बऱ्याच दिवसांनी. तिला नमस्कार सांगितलाय त्यांनी. आणि आत्ता विचारतायत, ती खिडकीवरची मुलगी अजून त्याच शाखेत असेल का.