शब्दचर्चा: ‘लुइझियाना खरेदी’त नेमकं काय खरेदी झालं?

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या इतिहासावर लेख लिहितेय. ‘१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतलं’ या वाक्यापाशी संपादकांनी समासात विचारलंय, ‘जमीन की राज्य?’ खरेदी हा शब्द इथे चालेल का? ‘भूखंड खरेदी’ मी आधीच खोडलं. त्यात बिल्डरचा प्लॉटही येतो आणि अख्खा आशियाही.

प्रतिसाद : संपादकांची शंका रास्त आहे. आपल्याकडे खरेदी म्हटली की खरेदीखत, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. लुइझियानात ज्यांची शेतं-घरं होती ती त्यांचीच राहिली. रहिवाशांच्या मालमत्तेला हात लागणार नाही, असं तहाच्या तिसऱ्या कलमातच आहे. बदललं ते राज्य. ३० एप्रिल १८०३ या तारखेच्या मुख्य तहात फ्रान्स हा प्रदेश सार्वभौमत्वासकट ‘सोडून देतो’ अशी भाषा आहे, किमतीचा आकडा नाहीच. पैशांचे करार वेगळे, तारीख तीच. ६ कोटी फ्रँक फ्रान्सला, आणि अमेरिकी नागरिकांची फ्रान्सकडे जी येणी होती ती २ कोटी फ्रँकपर्यंत अमेरिकेने भागवायची. एकूण दीड कोटी डॉलर.

प्रतिसाद : मग सरळ ‘हक्कसोडपत्र’ म्हणा की.

प्रतिसाद : नको. हक्कसोडपत्र भावाबहिणींत होतं, म्हणजे सहहिस्सेदारांत. फ्रान्स आणि अमेरिका कुठल्या वाड्याचे भाऊबंद? शिवाय इथे घासाघीस झालेली आहे. अमेरिकेचे दूत लिव्हिंगस्टन आणि मन्रो यांना न्यू ऑर्लिन्स नि फ्लोरिडा एवढंच मागायचं होतं. मिसिसिपीच्या मुखाशी असलेलं ते बंदर अडलं की आतल्या शेतकऱ्यांचा सगळा माल अडायचा. पण हैती या फ्रेंच वसाहतीतल्या उठावाने आणि पीतज्वराने नेपोलियनचं सैन्य संपवलं होतं, इंग्लंडशी युद्ध तोंडावर होतं, म्हणून त्याने सगळंच काढलं विकायला. दोघांना एवढ्या मोठ्या सौद्याचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी सही ठोकली. याला विक्री नाही तर काय म्हणायचं?

फेरफाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. स्पेनने १८०० साली गुप्त तहाने हा प्रदेश फ्रान्सला परत दिला होता, पण न्यू ऑर्लिन्सचा कारभार स्पॅनिश अधिकारीच पाहत होते. फ्रान्सला रीतसर ताबा मिळाला ३० नोव्हेंबर १८०३ ला, आणि २० डिसेंबरला त्याने तो अमेरिकेला दिला. वीस दिवसांत दोन फेरफार! स्पेनची तक्रार वेगळीच. हा प्रदेश तिसऱ्या कुणाला देणार नाही, असा शब्द फ्रान्सने दिला होता.

प्रतिसाद : ‘आंदण’ कसं वाटतं? मुंबई नाही का पोर्तुगीजांनी इंग्रजांना दिली.

प्रतिसाद : ते १६६१ च्या लग्नाच्या तहातलं. इथे ना नवरी, ना वऱ्हाड. आंदणात पैसे मोजत नाहीत.

प्रतिसाद : एक गोष्ट राहतेय. त्या भूमीवर ओसेज, सू आणि इतर अनेक जमाती राहत होत्या, आणि बहुतेक भागात फ्रेंचांचा अंमल कागदापुरताच होता. या जमातींशी स्पेनने केलेले करार पाळू, असं अमेरिकेने सहाव्या कलमात कबूल केलं. जमीन घ्यायला पुढे त्यांच्याशी वेगळे तह करावे लागले, ओसेजांशी पहिला १८०८ मध्ये. म्हणजे फ्रान्सला दिलेले पैसे ‘या भागात दुसरी युरोपीय सत्ता येणार नाही, जमातींकडून जमीन फक्त आम्हीच घेणार’ एवढ्यासाठीच होते, असंही म्हणता येतं. त्यामुळे ‘विकत घेतलं’ ठेवा, पण कर्म बदला: ‘लुइझियानावरचा राज्याधिकार विकत घेतला.’ १८६७ च्या अलास्कालाही हेच लागू. रशियाला ७२ लाख डॉलर मिळाले, तिथल्या त्लिंगित जमातीला कुणी विचारलंही नाही.

प्रश्नकर्ती : पटलं. शीर्षकात ‘लुइझियाना खरेदी’ ठेवते, ते आता विशेषनामच झालंय. मजकुरात असं: ‘१८०३ मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलर देऊन लुइझियाना या विस्तीर्ण, ओसाड प्रदेशावरचा फ्रान्सचा राज्याधिकार विकत घेतला.’

प्रतिसाद : ‘ओसाड’ काढा, वर जमातींची एवढी चर्चा झाली की! ‘विस्तीर्ण’च्या जागी आकडा द्या: सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, आजच्या भारताच्या जवळपास दोन-तृतीयांश. आणि नकाशा देणार असाल तर नुसतं आजचं लुइझियाना राज्य रंगवू नका. त्या प्रदेशातून पुढे झालेली किंवा त्याचा तुकडा मिळालेली राज्यं पंधरा आहेत.