रोग जंतूचा की हवापाण्याचा?

रानवाटा: मे २०१५ मध्ये कझाखस्तानच्या माळांवर विणीसाठी जमलेल्या सायगा हरणांपैकी दोन लाखांहून जास्त तीनेक आठवड्यांत मेली. कळपच्या कळप आडवे झाले. जीवाणू सापडला तो पाश्चुरेला, गाईम्हशींना घटसर्प होतो तोच. पण तो बाहेरून आलेला नव्हता. धडधाकट सायगाच्या टॉन्सिलमध्येही तो मुकाट राहतो. त्या दिवसांत दमटपणा आणि उष्मा अवेळी वाढला होता. १९८१ आणि १९८८ च्या मरींच्या वेळीही हवा अशीच होती. म्हणून माझं ठाम मत आहे की नुसतं जंतूमागे लागून भागत नाही. अंगातले इतर सूक्ष्मजीव आणि भोवतालची हवा आधी बघायला हवी.

गोठा: असहमत. गाईम्हशींची बुळकांडी ही विषाणूची साथ २०११ मध्ये जगातून गेली ती लसीने. हवा होती तशीच, आतड्यातले जीवाणूही तेच.

पिल्लूघर: बुळकांडीची लस एकदा टोचली की बहुधा जन्मभर पुरायची. कोंबड्यांच्या आतड्यात राहणाऱ्या साल्मोनेला या जीवाणूचं तसं नाही. इनक्युबेटरमधल्या कोंबडीच्या पिल्लाला आईचा सहवास नसतो, त्यामुळे आतडं जवळपास मोकळंच. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज अशा पिल्लांना पाजला, तर साल्मोनेलाला पाय रोवता येईना. हे १९७३ मध्ये छापून आलंय! तरी आपण खाद्यात अँटिबायोटिक मिसळून तीच राखण मोडतो. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून बंद केला, तो योग्यच.

गोठा: पिल्लांचं मान्य, पण ती शेडमध्ये असतात. बेडकांच्या कातडीला लागून त्यांचा जीव घेणाऱ्या कायट्रिड बुरशीवर कातडीवरचा एक जांभळा जीवाणू प्रयोगशाळेत कॅलिफोर्नियाच्या बेडकांना उपयोगी पडला, पनामाच्या सोनेरी बेडकांच्या अंगावर टिकलाच नाही. रानात काय करणार?

रानवाटा: ऊब द्यायची. ही बुरशी साधारण २८ अंशांपुढे तग धरत नाही. ऑस्ट्रेलियात छोट्या हरितगृहांत भोकांच्या काळ्या विटा ठेवल्या, बेडूक आपणहून भोकांत जाऊन बसले आणि संसर्ग उतरला. शिवाय बरे झालेले बेडूक पुढच्या लागणीलाही पुरून उरले. २०२४ चं संशोधन आहे.

गोठा: विटा पटल्या. पण अख्ख्या माळाचा दमटपणा कोण कमी करणार?

रानवाटा: कोणीच नाही. पण शिकारीला आळा घालून कळप वाढू देणं हातात होतं, आणि ते झालं. २०२२ मध्ये कझाखस्तानात सायगा तेरा लाखांवर गेले. एवढे असले तर एक वाईट मे महिना जातीच्या मुळावर येत नाही.