पीएचपीतून डेटाबेसचं खरं व्हर्जन कसं काढायचं?

प्रश्न (कुळवृत्तांतवाला):
आमच्या कुळवृत्तांताची साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, पीएचपी ७.४. मूळ पुरुषापासून खालच्या सगळ्या पिढ्या एकाच क्वेरीत काढायच्यात, म्हणजे 'विथ रिकर्सिव्ह' हवं. मायएसक्यूएलमध्ये ते ८.० पासून आहे. पण पीएचपी-इन्फो दाखवतं 'मायएसक्यूएलएनडी ७.४.३३', आणि मायएसक्यूएलआय_गेट_सर्व्हर_इन्फो() छापतं '५.५.५-१०.६.१६-मारियाडीबी-सीएलएल-एलव्हीई'. होस्टिंगवाले म्हणतात, "लेटेस्ट आहे सर." खरं काय धरू? ५.५ असेल तर पिढीगणिक लूप फिरवत बसणं आलं, आणि आमच्यात आजोबा-नातू एकाच नावाचे!

उत्तर १:
स्क्रिप्ट कशाला? पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा, पहिल्याच पानावर दिसतं.

कुळवृत्तांतवाला:
हीच साइट दुसऱ्या शाखेची मंडळी त्यांच्या सर्व्हरवर टाकणार आहेत. तपासणी कोडमध्येच हवी.

उत्तर २:
काका, ७.४.३३ सोडून द्या. तो पीएचपीच्या पोटातल्या क्लायंट लायब्ररीचा आकडा, सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. सर्व्हर मारियाडीबी (मायएसक्यूएलमधून फुटून निघालेला डेटाबेस) १०.६.१६ आहे. पुढचं ५.५.५ हे सोंग आहे: जुनी मायएसक्यूएल रेप्लिका (मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा सर्व्हर) व्हर्जनचं पहिलंच अक्षर वाचायची, '१०' मधला १ बघून मास्टर, म्हणजे मुख्य सर्व्हर, पुरातन आहे असं समजायची. म्हणून मारियाडीबीनं १०.० पासून जोडणीच्या वेळी हे शेपूट पुढे लावलं. ११ मध्ये काढलं. शेवटचं सीएलएल-एलव्हीई म्हणजे क्लाउडलिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, शेअर्ड होस्टिंगवर ते बऱ्याचदा दिसतं.

कोडमध्ये सरळ 'सिलेक्ट व्हर्जन()' चालवा, त्यात ५.५.५ येत नाही. उत्तरात 'मारियाडीबी' सापडलं तर किमान १०.२.२ हवं, नाही सापडलं तर तो मायएसक्यूएल, मग किमान ८.०. तुलना व्हर्जन_कंपेअर()नेच करा. नुसती अक्षरं ताडलीत तर '१०.६' हे '५.७' पेक्षा लहान ठरतं. आणि तपासणीची फाइल सर्व्हरवर उघडी ठेवू नका, आपलं व्हर्जन जगाला कशाला सांगायचं?

कुळवृत्तांतवाला:
चाललं! १०.६.१६ आलं आणि सगळ्या पिढ्या एका दमात उतरल्या. फक्त दत्तक गेलेले सगळे दोन्ही घरांत दिसतायत.

उत्तर २:
तो दोष व्हर्जनचा नाही. टेबलची रचना टाकून नवा धागा काढा.