अपग्रेडनंतर ८४३ स्किप्ड रेकॉर्ड: रिटेन करू की रिव्हर्ट?

हिंजवडी_फेज३:
नमस्कार मंडळी. मागच्या शुक्रवारी आमच्या सर्व्हिसनाऊचं (ऑफिसातल्या तक्रारी आणि मंजुऱ्या सांभाळणारी प्रणाली) डेव्ह, म्हणजे बदल करून बघायची प्रत, झनाडू व्हर्जनवरून झ्युरिक व्हर्जनला नेली. रातोरात झालं, काही फुटलं नाही, मी खूश. सोमवारी स्किप्ड यादी, म्हणजे अपग्रेडने हात न लावता सोडलेल्या फाइलींची यादी, उघडली आणि चहा गार झाला. ८४३ रेकॉर्ड.

मला या कंपनीत येऊन दीडच वर्ष झालंय. २०१८-१९ मध्ये ज्या सल्लागारांनी मूळ फाइलींत हे बदल केले ते केव्हाच गेले. मागे ठेवलं काय, तर कोडमध्ये "तात्पुरतं, नंतर काढणे" अशी एक ओळ. आमचे मॅनेजर म्हणतात, सगळं रिटेन कर (आपलं जुनंच ठेव), आजवर चाललंय ना? ते पटत नाही, पण सगळं रिव्हर्ट करायला, म्हणजे आपले बदल टाकून मूळ रूप घ्यायला, हातही धजत नाही. काल धीर करून १४ रिव्हर्ट केले, मग लक्षात आलं की अपडेट सेट (बदल पुढच्या प्रतीत न्यायचा गठ्ठा) नवा न करता डिफॉल्टच निवडलेला होता. प्रॉडच्या (लोक रोज वापरतात त्या प्रतीच्या) अपग्रेडला तीन आठवडे आहेत आणि माणूस मी एकटा. सुरुवात कुठून करू?

सहावं_अपग्रेड:
आधी ते १४. सुदैवाने डेव्हच आहे. नवीन अपडेट सेट करा, डिफॉल्टमधल्या त्या नोंदी उघडून त्यांचा अपडेट सेट बदला. मात्र प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन स्कोपला, म्हणजे अ‍ॅपच्या स्वतंत्र कप्प्याला, वेगळा सेट लागतो. ग्लोबलच्या सेटमध्ये दुसऱ्या स्कोपची नोंद कोंबू नका, पुढे टेस्टला नेताना रडाल.

आता ८४३. तुम्ही लोकांनी बदललेलं सगळं यात नाही. बदल तुमच्याकडचा आहे आणि नव्या व्हर्जनलाही तीच फाइल बदलायची होती, तेवढंच यात येतं. म्हणून "सगळं रिटेन" म्हणजे त्या ८४३ फाइलींतल्या नव्या दुरुस्त्या, सिक्युरिटीच्या असल्या तरी, आपण नाकारल्या. मॅनेजरना हे असंच सांगा.

वरून खाली वाचत जाऊ नका. यादीत प्राधान्य १ आणि २ दिलेले आधी घ्या, मग शेवटचा बदल कुणी केला यावर गट पाडा. आमच्याकडे एकाच माणसाच्या नावावर दोनशेच्या वर निघाले. त्यातले बहुतेक रेकॉर्ड त्याने नुसते उघडून सेव्ह केले होते! तुलनेत फरक म्हणून एक मोकळी ओळ. असे डोळे झाकून रिव्हर्ट, एका दुपारचं काम.

उरलेल्यांसाठी कोड कमी वाचा, माणसांना जास्त विचारा. आमच्या इन्सिडेंट (तक्रार) फॉर्मवर एक क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) होतं, ठरावीक लोकेशन निवडलं की कॅटेगरी रिकामी करायचं. मी दोन दिवस त्यात डोकं घातलं. शेवटी हेल्पडेस्कच्या काकांकडे गेले, तर ते हसायला लागले. म्हणाले, "अगं, ते नांदेडच्या ऑफिससाठी होतं. ते ऑफिस बंद होऊन चार वर्षं झाली." दोन दिवस माझे गेले, उत्तर पाच मिनिटांचं होतं.

आणि रिटेन कराल तिथे कमेंटच्या रकान्यात कारण लिहा, कुणाला विचारलं तेही. "रिव्ह्यूड ओके" लिहू नका. मी २०२१ मध्ये तेच लिहिलं होतं आणि २०२३ मध्ये माझ्याच नावापुढे ते वाचून मला काडीचा बोध झाला नाही.

नाशिकचा_स्क्रिप्टवाला:
ताईंचं पटलं, पण हे दुखणं दर वर्षी कशाला? मूळ बिझनेस रूलला (रेकॉर्डवर सर्व्हरमध्ये चालणाऱ्या नियमाला) हात लावायचाच नाही. तो इनअ‍ॅक्टिव्ह करा, कॉपी काढा, बदल कॉपीत करा. अ‍ॅक्टिव्हची टिक काढल्याने अपग्रेड अडत नाही, मूळ रूल अपडेट होत राहतो. आमची यादी साठच्या आत असते.

सहावं_अपग्रेड:
दादा, यादी लहान होते, काम नाही. दुरुस्ती येते ती बंद पडलेल्या मूळ रूलमध्ये, चालते ती तुमची जुनी कॉपी, आणि स्किप्ड यादी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. स्किप्ड निदान ओरडून सांगतं तरी. कॉपी करायचीच तर त्यांची वेगळी नोंद ठेवा आणि दर अपग्रेडला मूळ रूलशी ताडून बघा. स्क्रिप्ट इन्क्लूडला (बाकीचा कोड ज्यातली फंक्शन्स वापरतो त्या फाइलीला) मात्र जिथे सोय आहे तिथे ती वापरावी. इन्सिडेंटयुटिल्सएसएनसी मधलं फंक्शन बदलायचं असेल तर ते इन्सिडेंटयुटिल्समध्ये नव्याने लिहायचं. मूळ फाइल कोरी राहते.

नाशिकचा_स्क्रिप्टवाला:
नोंद ठेवत नाही, हे कबूल. आज घरी जाताना हाच विचार डोक्यात राहणार.

हिंजवडी_फेज३:
आठवडा झाला, म्हणून कळवतोय. ३१२ निव्वळ उघडून सेव्ह केलेले निघाले, सगळे रिव्हर्ट. ते १४ हलवले. त्यातले दोन एचआरच्या स्कोपचे होते, त्यांना वेगळा सेट. आमच्याकडे काका नाहीत, पण सर्व्हिस डेस्कला रात्रपाळी करणाऱ्या एक मॅडम २०१६ पासून आहेत. कालपासून त्यांच्या पाळीत संध्याकाळी सातला जाऊन बसतो. पहिल्या वीसपैकी अकरांना म्हणाल्या, "हे अजून चालू आहे?" एका अप्रूव्हल रूलला मात्र म्हणाल्या, "याला हात लावलास तर महिनाअखेरीला मला फोन करू नकोस." तो रिटेन केलाय, कारणात त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाकलंय.

एक विचारायचं राहिलं. तुलनेत दोन्हीकडे बदल आहेत आणि दोन्ही हवेत असे साधारण ४० आहेत. ते हातानेच मर्ज करायचे ना?

सहावं_अपग्रेड:
हातानेच. आणि नवी फाइल पाया धरा, तिच्यात तुमच्या ओळी घाला. उलटं करू नका. मॅडमना माझा नमस्कार सांगा.